स्वस्त गाण्यांचे दुकान आणि भरवशाचा पुरावा

२००६ साली मी पीएच.डी. करत होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मित्राने एक दिवस विचारले, “अगं, ही ऑलऑफएमपीथ्री नावाची साइट भरवशाची आहे का? कार्डाचा नंबर देऊ का?” मी दहा मिनिटे साइट पाहिली, चार लोकांचे अनुभव वाचले आणि म्हटले, “दे की. सगळे चांगलंच सांगताहेत.” संशोधनाच्या कामात असे उत्तर मी कधी दिले नसते. प्रश्न नेमका कोणता हे ठरवण्याआधीच मी पुरावा मोजून मोकळी झाले होते. चूक माझीच. पण ती इतकी सर्रास होते की तिची नीट तपासणी करणे वर्गातही उपयोगी पडेल.

आधी थोडी माहिती. ऑलऑफएमपीथ्री हे मॉस्कोतून चालणारे, इंटरनेटवर गाणी विकणारे दुकान. ते २००० च्या सुमारास सुरू झाले आणि जुलै २००७ मध्ये बंद पडले. अमेरिकेत ॲपलच्या आयट्यून्स दुकानात एप्रिल २००३ पासून एक गाणे ९९ सेंटला मिळे. मॉस्कोच्या दुकानात मात्र गाणी भाजीसारखी तोलून मिळत. एका मेगाबाइटला साधारण २ ते ३ सेंट असा दर होता. गाणे कोणत्या स्वरूपात आणि किती गुणवत्तेचे हवे ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. फाइलला कसलेही कुलूप नाही. तांत्रिकदृष्ट्या ही सोय उत्तम होती, हे मान्य करायला हवे.

या दुकानाच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जात. ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद असा: “हजारो लोक गाणी घेतात, त्यांना ती मिळतात, म्हणजे दुकान भरवशाचे.” यातले निरीक्षण खरे मानू. पण त्यावरून सिद्ध काय होते? पैसे भरले की फाइल मिळते, एवढेच. विकणाऱ्याला ते गाणे विकण्याचा हक्क आहे का, पैसे गायकापर्यंत पोचतात का, हे गिऱ्हाइकाला दिसतच नाही. जे त्याला दिसत नाही त्याबद्दल त्याची साक्ष कशी चालेल? अशा साक्षी दहा असोत की दहा हजार, त्याने फरक पडत नाही. तापमापकाने हजार वेळा मोजले तरी हवेचा दाब कळत नाही.

दुसरा युक्तिवाद परवान्याचा. आपल्याकडे परवाना आहे असे साइटवरच लिहिलेले होते, आणि कागद खोटा नव्हता. ‘रोम्स’ नावाच्या रशियन संस्थेने तो दिला होता. तेव्हाच्या रशियन कायद्यानुसार, सभासद नसलेल्या हक्कधारकांच्या वतीनेही आपल्याला परवाने देता येतात, असे या संस्थेचे म्हणणे. उलट, ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे म्हणणे असे, की आमच्या सभासदांनी या संस्थेला कोणताही अधिकार दिलेला नाही. तेव्हा “परवाना आहे का?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असले तरी खरा प्रश्न उरतोच: देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार होता का? जमीन घेताना आपण विकणाऱ्याच्या हातातला कागद पाहून थांबत नाही, सातबाऱ्यावर नाव कोणाचे ते पाहतो. इथे तो सातबारा कोणी पाहत नव्हते.

तिसरा युक्तिवाद किमतीचा: “मोठ्या कंपन्या लुटतात. खरी किंमत एवढीच असते.” हा मात्र घरबसल्या तपासता येतो, फक्त गुणाकार यायला हवा. चार मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे गाणे घ्या. एमपीथ्रीच्या १२८ किलोबिट दर सेकंद या नेहमीच्या गुणवत्तेला त्याचे ३,०७,२०,००० बिट होतात. आठाने भागले की सुमारे ३८ लाख ४० हजार बाइट, म्हणजे जवळजवळ ४ मेगाबाइट. मॉस्कोच्या दराने किंमत झाली ८ ते १२ सेंट. आता ताळा पाहू. अमेरिकेत गाण्याच्या प्रत्येक प्रतीमागे गीतकार-संगीतकारांना द्यायची रक्कम कायद्याने ठरलेली असते. २००६ पासून ती ९.१ सेंट होती. म्हणजे त्या दुकानाची जवळजवळ सगळी किंमत या एकाच वाट्यात संपली असती. गायक, वादक, ध्वनिमुद्रणाचा खर्च, दुकानाचा नफा, यांतले काहीच त्यात बसत नाही. रशियात अमेरिकन दर लागू नव्हता, त्यामुळे ही सिद्धता नव्हे. पण एवढा फरक दिसला की “बाकीच्यांचे पैसे कोठून येतात?” असे विचारायलाच हवे होते. हा गुणाकार २००६ सालीही मला येत होता.

न्यायाने वागायचे तर दुसऱ्या बाजूलाही हीच फूटपट्टी लावली पाहिजे. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकन कंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. दर गाण्यामागे दीड लाख डॉलर आणि गाणी १ कोटी १० लाख, असा हिशेब होता. गुणाकार करा: १ लाख ६५ हजार कोटी डॉलर! साऱ्या रशियाच्या त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाहूनही ही रक्कम मोठी आहे. नुकसान मोजून काढलेला हा आकडा नव्हता. कायद्यातली कमाल मर्यादा गुणून तो आला होता. २००८ साली हा दावा मागे घेण्यात आला. त्याआधी ऑगस्ट २००७ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने दुकान चालवणाऱ्या कंपनीच्या माजी प्रमुखाला दोषमुक्त केले होते. गुन्हा सिद्ध झाला नाही, असे न्यायालयाचे मत पडले. रशियात नवा कायदा लागू झाला तो १ जानेवारी २००८ पासून. म्हणून “ते सरळ चोरांचे दुकान होते” हे विधानही पुराव्याच्या पुढे धावते.

मग दुकान बंद का पडले? व्हिसा कंपनीने २००६ मध्येच त्याचे व्यवहार थांबवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात जागतिक व्यापार संघटनेतल्या रशियाच्या प्रवेशासाठी अमेरिका व रशिया यांच्यात करार झाला. त्याच्या सोबतच्या पत्रात या साइटचा नावानिशी उल्लेख होता. गाणे विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हिशेबात यातले काहीच नव्हते.

यावरून “कायदेशीर दुकानातून घ्या, म्हणजे काळजी नाही” असा धडा काढावासा वाटेल. तोही घाईचा ठरेल. मायक्रोसॉफ्टच्या ‘एमएसएन म्युझिक’ दुकानाचा हक्क वादातीत होता. पण तिथल्या गाण्यांना डिजिटल कुलूप असे, आणि नव्या संगणकावर त्याची किल्ली कंपनीकडूनच मिळे. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले, की ३१ ऑगस्टनंतर नव्या किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे रीतसर पैसे मोजलेली गाणी जुन्या संगणकाबरोबर मुकी होणार! ग्राहकांनी ओरड केल्यावर मुदत २०११ पर्यंत वाढली. म्हणजे मॉस्कोच्या दुकानाचा हक्क संशयास्पद, पण फाइल कायमची आपली. इथे हक्क निर्विवाद, पण फाइल उसनी.

‘भरवसा’ ही एक राशी नाही, हे यातून दिसते. निदान चार वेगळे प्रश्न त्यात दडलेले असतात. वस्तू मिळेल का? सांगितली तीच मिळेल का? विकणाऱ्याला हक्क आहे का, आणि करणाऱ्याला मोल मिळते का? उद्याही ती आपल्याकडे राहील का? प्रत्येकाचा पुरावा वेगळा, आणि एकाचा दुसऱ्याला उसना देता येत नाही.

यातला दुसरा प्रश्न वर्गात प्रयोगाने तपासता येईल. काही ठिकाणी ‘सीडीच्या दर्जाची’ म्हणून मोठी फाइल विकतात, पण ती मुळात लहान एमपीथ्रीच फुगवून केलेली असू शकते. ‘ऑडॅसिटी’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या, गाणे उघडा आणि वर्णपट पाहा. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापलेला असतो. मोठ्या फाइलमध्येही तिथेच सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली, तर संशयाला जागा आहे. मात्र जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून घेतलेले नाट्यगीत असेल, तर वरच्या कंप्रता मुळातच नोंदलेल्या नसतात. तिथे त्या दिसल्या नाहीत म्हणून लबाडी ठरत नाही. हा अपवाद मुलांना आधी सांगू नये, त्यांना तो स्वतःच सापडू द्यावा.

तो मित्र आता दुसऱ्या शहरात शिकवतो. मध्यंतरी त्याने पुन्हा एका ॲपबद्दल विचारले, “भरवशाचं आहे का गं?” मी म्हटले, “कशासाठी, ते आधी सांग.”