चालणारा कोड आणि उत्तर देणारा माणूस

एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं, यांतला फरक हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज त्याच्याकडे आम्ही अगदी ताज्या व्यवसायाच्या बाजूनं पाहणार आहोत. तो व्यवसाय म्हणजे ओपन सोर्स डेटा इंजिनिअरिंग, आणि त्यात आता शिरलेली, कोड लिहून देणारी एआय साधनं. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. कोणतं साधन चांगलं, कोणतं वाईट, हा निवाडा आमचा नव्हे. आम्हाला चिकित्सा करायची आहे ती एका दाव्याची.

दावा असा: ओपन सोर्समध्ये काम करणारे हात कायम अपुरे पडत आले, आता यंत्र कोड लिहून देतं, तेव्हा तुटवडा संपला. आमचं म्हणणं असं की तुटवडा कोडचा नव्हताच मुळी.

आपल्या श्रोत्यांत सगळेच संगणकवाले नाहीत, म्हणून दोन शब्द. दुकानातली बिलं, बँकेतले व्यवहार, तिकिटांची आरक्षणं, हा सगळा डेटा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचा, निवडून-पाखडून स्वच्छ करायचा, आणि उद्या सकाळी कुणाच्या तरी टेबलावर बरोबर आकडा ठेवायचा, हे डेटा इंजिनिअरचं काम. त्यासाठीची कितीतरी साधनं ओपन सोर्स आहेत. स्पार्क २००९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालं, एअरफ्लो २०१४ मध्ये एअरबीएनबी या कंपनीत. यांचा कोड कुणीही वाचावा, कुणीही बदल सुचवावा. सुचवलेला बदल म्हणजे पुल रिक्वेस्ट. ती तपासून आत घ्यायची की नाही, हे ठरवतात मेंटेनर, म्हणजे त्या प्रकल्पाचा सांभाळ करणारी माणसं.

आता एक साधं उदाहरण बघा. 'रोजची विक्री काढा' असं साधनाला सांगितलं. क्षणात कोड तयार. चालतोही. पण 'रोज' म्हणजे काय? संगणकाच्या जगात वेळ बहुधा यूटीसीत साठवतात, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. १ एप्रिलच्या पहाटे तीन वाजता झालेली विक्री त्या हिशेबात ३१ मार्चच्या रात्री साडेनऊची ठरते. नुसता दिवस नाही, महिना बदलला, आर्थिक वर्षच बदललं! आणि कुठेही लाल अक्षरांत चूक दाखवली जात नाही. कोडची चाचणीही त्याच साधनानं त्याच गृहीतकावर लिहिली असेल, तर तीही हिरवी.

गंमत अशी की दिवस कधी सुरू होतो हा वाद आपल्याला नवा नाही. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, कॅलेंडरचा मध्यरात्री. दोन्ही बरोबर, कोणत्या कामासाठी कोणता, हे माणसाला ठरवावं लागतं. डेटा इंजिनिअरिंगमधल्या पुष्कळ चुका या जातीच्या असतात. कोड बंद पडला तर बरं, निदान कळतं तरी. चुकीचा आकडा मात्र मुकाट्यानं बरोबर आकड्याच्या जागी जाऊन बसतो.

इथे पीटर नाउर यांचा १९८५ चा एक निबंध आठवावाच लागतो. नाउर डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ. २००५ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांचा मुद्दा असा की प्रोग्रॅमिंग म्हणजे कोडची निर्मिती नव्हे, तर मनात एका सिद्धांताची उभारणी. 'सिद्धांत' हा शब्द त्यांनी गिल्बर्ट राइल यांच्या १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथातल्या अर्थानं घेतला आहे. ज्याच्याकडे असा सिद्धांत असतो त्याला काम तर येतंच. शिवाय ते असं का, तसं का नाही, हे सांगता येतं, प्रश्नांना उत्तरं देता येतात, उद्या गरज बदलली तर कुठे हात लावायचा हे कळतं. कोड ही त्या समजुतीची केवळ खूण. समजूत असलेली माणसं पांगली की प्रोग्रॅम मेला, असं नाउर म्हणतात, आणि नुसत्या कागदपत्रांवरून तो जिवंत करता येत नाही, असंही.

हे शेवटचं विधान आम्हाला अतिरेकी वाटतं. ओपन सोर्सनंच ते थोडं खोटं पाडलं आहे. काफ्का किंवा एअरफ्लो यांत मोठा बदल करायचा तर आधी लेखी प्रस्ताव मांडावा लागतो, त्यावर उघड चर्चा होते. नाकारलेले पर्याय आणि त्यांची कारणंही तिथे राहतात. मूळ लेखकांना कधीही न भेटलेला माणूस हे वाचून, चुकतमाकत, प्रश्न विचारत त्या प्रकल्पाचा जाणकार होऊ शकतो. समजूत कागदात नसते हे खरं. पण कागदावरून, सोबत कुणी उत्तर देणारा असेल तर, ती पुन्हा उभी राहते.

मग कुणी म्हणेल, साधनानं तर हे सगळे कागद वाचलेत! रास्त प्रश्न आहे. जुना गुंतागुंतीचा कोड समजावून सांगणं, कंटाळवाणी बदलाबदली करणं, चाचण्यांचा कच्चा खर्डा करणं, यात ही साधनं खरोखर उपयोगी आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इथे आपल्या न्यायदर्शनाची मदत घेऊ. शब्द हे प्रमाण मानायचं तर तो आप्ताचा हवा. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे, आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. 'असं का लिहिलं?' विचारलं तर साधन सुबक उत्तर देतं. पण ते लिहितानाचं कारण होतं, की विचारल्यावर रचलेलं समर्थन, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. कारण आणि समर्थन यांत अंतर आहे.

माणसं काय मोठी आप्त असतात का, हा पुढचा आक्षेप. नसतात! मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या ओपन सोर्स साधनात लपवलेलं चोरदार सापडलं. ते ठेवणाऱ्यानं सुमारे दोन वर्षं इमानदारीनं काम करून विश्वास कमावला होता. ते सापडलं कसं? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं की एका ठिकाणी लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. एका जाणत्या माणसाला अर्धा सेकंद खटकला. हे खटकणं म्हणजेच राइल-नाउर यांचा 'सिद्धांत'.

आता हे खटकणं शाबूत राहतंय का? जुलै २०२५ मध्ये मीटर या संस्थेनं एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रॅमर, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं. काहींत एआय वापरायला मुभा, काहींत नाही. त्यांचा आधीचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्के कमी लागेल. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपला वेळ २० टक्के वाचला! माणसं थोडी होती, साधनं त्या वेळची होती. त्यावरून वेगाबद्दल कायमचा निष्कर्ष काढू नये. आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: जाणत्या माणसाचा स्वतःच्याच कामाबद्दलचा अंदाज इतका घसरू शकतो.

प्रकल्पांनी यावर दोन वाटा काढल्या. जेंटू लिनक्सनं एप्रिल २०२४ मध्ये एआयनं तयार केलेल्या योगदानावर बंदी घातली. अपाचे फाउंडेशनच्या छत्राखाली स्पार्क, काफ्का, एअरफ्लो ही मंडळी आहेत. त्यांची शिफारस अशी की साधन वापरलं असेल तर बदलासोबत तशी नोंद करावी. आमच्या मते दोन्ही अपुऱ्या. बंदी मोडली की नाही हे तपासता येत नाही. नोंद कोणतं साधन ते सांगते. कोणाला समजलंय ते सांगत नाही.

आणि खरा धोका इथे आहे. अपाचेचा परवाना स्पष्ट सांगतो की कोड जसा आहे तसा, हमी कसलीही नाही. परवाना कुणावरच जबाबदारी टाकत नाही. तरीही जग या कोडवर चालतं, कारण कुणीतरी माणूस आपल्या नावानं उत्तर देत असतो. अशी माणसं तयार कशी होतात? नवख्यांसाठी मुद्दाम राखलेली छोटी कामं करून. पुण्यातला एखादा विद्यार्थी असं काम उचलतो, मेंटेनर त्याला चार प्रश्न विचारतो, तो पुन्हा वाचतो, पुन्हा लिहितो. त्या छोट्या दुरुस्तीची प्रकल्पाला फारशी गरज नसते. गरज असते ती या विद्यार्थ्याची, पाच वर्षांनंतर. आता ते काम साधन दोन मिनिटांत करतं. विद्यार्थी मेंटेनरचा प्रश्न साधनाला देतो, साधनाचं उत्तर मेंटेनरला देतो. दोघांमधला तो नुसता निरोप्या. कोड आत आला, माणूस बाहेरच राहिला. आणि मेंटेनर मात्र, तोच एकटा माणूस, दसपट कोड वाचत बसलेला!

म्हणून आमचं सांगणं एवढंच. साधन वापरा, खुशाल वापरा. पण बदल पाठवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं साधन बंद करून स्वतःच्या शब्दांत देता आली पाहिजेत: हे असंच का? दुसरा कोणता मार्ग होता, तो का सोडला? आणि हे चुकलं तर पहिल्यांदा कुठे दिसेल? मेंटेनरांनीही कोणतं साधन वापरलं हे विचारण्याऐवजी हे विचारावं. आणि कंपन्यांनी, ज्या हा कोड फुकट वापरतात, त्यांनी असे प्रश्न विचारत बसणाऱ्या माणसाच्या वेळेचे पैसे द्यावेत. तुटवडा असलाच तर त्या वेळेचा आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आक्षेप असले तर ते आधी.