शस्त्रावरील लेखाचें प्रामाण्य

लंडनाहून अलीकडे महाराष्ट्रांत दोन शस्त्रें आलीं. व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनख तीन वर्षांच्या बोलीनें आलें व जुलै 2024 मध्यें सातारच्या संग्रहालयांत मांडलें गेलें. नागपूरकर भोसल्यांची फिरंग महाराष्ट्र सरकारनें 29 एप्रिल 2025 रोजीं सोदबीच्या लिलावांत सुमारें 47 लाख रुपयांस घेतली. दोहोंस लेखाचा आधार आहे. ते लेख काय सिद्ध करितात व काय करीत नाहींत, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

वाघनखाचा आधार शस्त्रावर नसून त्याच्या डबीवर आहे. तेथील इंग्रजी लेखाचा आशय असा कीं, शिवाजी महाराजांनीं ज्या वाघनखानें मोगल सेनापति मारिला तें हें असून, जेम्स ग्रँट डफ सातारास रेसिडेंट असतां पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें तें त्यास दिलें. आतां 10 नोव्हेंबर 1659 रोजीं प्रतापगडाखालीं पडलेला अफजलखान हा विजापूरकरांचा सरदार. तो मोगल नव्हे. डफ 1818 सालीं सातारास आला, त्याच सालीं पेशवाई बुडाली. शिवाय पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान. त्याचा कोणी कारभारी अभिप्रेत आहे असें म्हणावें, तर त्याचें नांव लेखांत नाहीं. सारांश, हा लेख डफच्या घराण्यांतील समजूत सांगतो. 1659 सालची साक्ष देत नाहीं. शस्त्र तेंच असल्याची खात्री देतां येत नाहीं, असें खुद्द संग्रहालयही म्हणतें.

फिरंगेची गोष्ट निराळी. पातें युरोपीय, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, कोफ्तगिरी केलेली. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या पाण्यानें देवनागरी लेख आहे: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. धन्याचें नांव, पद व शस्त्राची जात हीं तिन्ही एके ठिकाणीं मिळावीं, हा लाभ थोर होय. परंतु सरकारनें ती पहिल्या राघोजींची म्हणून घेतली, त्यास एकट्या लेखाचा आधार पुरत नाहीं. पहिले राघोजी 1755 सालीं वारले. त्यांचे नातू दुसरे राघोजी 1816 सालीं. दोघेही सेनासाहेबसुभा. लेखांत शक नाहीं, पित्याचें नांव नाहीं. मुठीचें वैभव बंगालच्या स्वाऱ्यांस साजतें असें कोणी म्हणेल. पण 1803 सालच्या देवगांवच्या तहापर्यंत नातवाचें वैभवही कमी नव्हतें.

माझ्या मतें लेखांतील शेवटचा शब्द विशेष लक्ष्यांत घेण्याजोगा आहे. वापरणारास स्वतःच्या हातांतील तलवारीची जात लिहून ठेवण्याचें प्रयोजन नसतें; तें सिलेखान्याच्या कारकुनास असतें. तेव्हां हा लेख सिलेखान्यांतील खूण दिसतो. त्यावरून मालकी ठरते; पातें केव्हां घडलें, मूठ केव्हां बसविली, हें ठरत नाहीं. दोन्ही राघोजींच्या कारकीर्दींतील मितीवार कागदांशीं या अक्षरवळणाचा मेळ घालून पाहणें, हाच निर्णयाचा मार्ग होय.

लेखाचा काळ व प्रसंगाचा काळ यांतील हा भेद पदकांवरूनही कळतो. कोरेगांवची लढाई 1 जानेवारी 1818 ची. तिची पट्टी असलेलें इंग्रजी पदक 1851 सालीं मंजूर झालें, आणि तें तोंवर हयात असलेल्यांसच मिळालें. कडेवरील नांव त्या शिपायाचें खरें. परंतु लढाईंत तें पदक कोणाच्याही छातीवर नव्हतें.

हा विवेक आम्हां जुन्नर प्रांतींच्या लोकांस विशेष हवा. शिवनेरी जवळ असल्यामुळें दसऱ्यास पुजली जाणारी प्रत्येक तलवार शिवकालीन ठरते. आळेफाट्यास पुणें-नाशिकचा व माळशेज घाटाकडून अहिल्यानगरास जाणारा, असे दोन हमरस्ते मिळतात. येथून शस्त्र एकदां बाहेर गेलें कीं कोणत्या घरचें तें कळणें दुर्घट. पात्यावर फेरारा हें नांव दिसलें म्हणजे इटालियन कारागीर ठरत नाहीं. तें नांव जर्मनींतील सोलिंगेनकरांनींही घातलें. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, पातें तेजाबानें घासूं नये, सैल मूठ बदलूं नये, आणि शस्त्र ज्या घरांतून मिळालें त्या घराची हकीकत त्याच दिवशीं मितीसह लिहून ठेवावी. घांसलेलें अक्षर पुन्हा उमटत नाहीं. आणि नंतर डबीवर लिहिलेलें अक्षर त्याची जागा भरून काढीत नाहीं.