प्रवाहाची उतरण

शास्त्रीय निबंधाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कां यावें, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु अवघ्या तीन पानांचा निबंध जेव्हां पाव शतक पंडितांस कामास लावतो, तेव्हां त्याच्या गुणदोषांची चर्चा सुशिक्षित कुटुंबांतूनही व्हावी, असें आम्हांस वाटतें. हा निबंध सोव्हिएत पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ अलेक्झांडर झामोलोद्चिकोव्ह यांचा असून तो १९८६ सालीं प्रसिद्ध झाला.

एखादी वस्तु उत्तरोत्तर दुरून पाहत गेलें म्हणजे बारीक तपशिलांची सरासरी होत जाते, आणि तिच्या वर्णनांतील अंकही पालटत जातात. या पालटास रीनॉर्मलायझेशनचा प्रवाह म्हणतात. याच विचारानें अवस्थांतरांची उपपत्ति बसविल्याबद्दल केनेथ विल्सन यांस १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रवाह जेथें थांबतो, तेथें जवळून पाहा वा दुरून, रूप सारखेंच दिसतें. द्विमितीय सृष्टींत अशा प्रत्येक मुक्कामास एक अंक असतो. त्यास आपण मध्यवर्ती भार म्हणूं. ईझिंगच्या चुंबकप्रतिमानाचा हा भार, चुंबकत्व लोपण्याच्या ऐन बिंदूवर, १/२ असतो. त्याच प्रतिमानांत कांहीं जागा रिकाम्या राहूं दिल्या, तर एका विशेष बिंदूवर तो ७/१० होतो. प्रवाहाच्या वाटेवर सतत घटत जाणारी एक राशि आहे व मुक्कामावर ती या भाराशीं जुळते, हें झामोलोद्चिकोव्ह यांनीं सिद्ध केलें. म्हणून ७/१० कडून १/२ कडे वाट आहे. उलट वाट नाहीं.

या सिद्धांताचें लोकप्रिय विवरण असें करतात कीं, दुरून पाहतां तपशील हरपतो, म्हणून अंक घटणारच. आमचा आक्षेप या विवरणावर आहे. तपशील हरपतो हें खरें. पण त्यावरून कोणता अंक घटेल हें कळत नाहीं. चतुर्मितीय सृष्टींत असे दोन अंक आहेत; त्यांस 'अ' व 'क' म्हणूं. पैकीं 'क' हा कांहीं प्रवाहांत वाढलेला आढळतो. जॉन कार्डी यांनीं १९८८ सालीं 'अ' ची निवड केली, व तीच खरी ठरली. उदाहरणार्थ, साध्या अदिश क्षेत्राचा 'अ' १ धरल्यास ग्लुऑनचा ६२ व क्वार्कचा ११ येतो. वस्तुमानरहित मानलेले दोन जातींचे क्वार्क तीन रंगांचे, व ग्लुऑन आठ, बेरीज ५६२. दुरून मात्र तीन पायॉनच उरतात, बेरीज ३.

याची सर्वसाधारण सिद्धता कोमारगोड्स्की व श्विमर यांनीं २०११ सालीं दिली. त्यांनीं डायलेटॉन नांवाचा एक कल्पित कण जोडला; त्याच्या टकरीची संभाव्यता कधींही ऋण नसते, हा तिचा कणा होय. झामोलोद्चिकोव्ह यांचाही आधार संभाव्यतेचें हेंच धनत्व होतें. पुढें २०१२ सालीं कासिनी व ह्युएर्ता यांनीं त्रिमितींत तपशिलाची, म्हणजे एंट्रॉपीची, भाषा खरोखरच उपयोगांत आणली. पण तेथेंही काम केलें तें एका काटेकोर असमानतेनें, मोघम वाक्यानें नव्हे.

तथापि दोन्ही सिद्धतांस एकाच पंक्तीस बसविणें आम्हांस मान्य नाहीं. २०११ ची सिद्धता केवळ आरंभ व शेवट या दोन मुक्कामांची तुलना करते. १९८६ ची वाटेवरच्या प्रत्येक पावलाचा हिशेब देते. तीन पानांत एवढें देणारा लेखक विरळा, आणि आमच्या मतें अग्रमान त्याचाच आहे.