न्यूट्रिनो-शलाकांची साक्ष

विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य जवळजवळ नाहीसे झाले, याचे मूळ न्यूट्रिनोंच्या वर्तनात असावे, ही कल्पना आकर्षक आहे. त्वरकातून निघणाऱ्या तीव्र न्यूट्रिनो-शलाकांच्या प्रयोगांचा पुरस्कार बहुधा तिच्याच आधारे केला जातो. परंतु या प्रयोगांची साक्ष नेमकी कशाची, याचा विवेक अनेकदा सुटतो.

जपानमधील टी-टू-के प्रयोगाचा २०२० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध पाहावा. तोकाई येथून सोडलेल्या म्यूऑन-न्यूट्रिनोंपैकी काही, २९५ किलोमीटरवरील सुपर-कामिओकांडे येथे पोहोचेपर्यंत, इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो झालेले असतात. अशा ९० घटना आढळल्या. प्रतिन्यूट्रिनोंच्या शलाकेत १५. हे आकडे शेजारी मांडून विषमता सिद्ध झाली असे म्हणणे युक्त नव्हे. प्रतिन्यूट्रिनोंची द्रव्याशी आंतरक्रिया मुळातच कमी होते. पूर्ण सममिती असती तरी दुसरा आकडा लहानच आला असता. मूळ निबंधाचा दावा संयत आहे: सममितीदर्शक मूल्ये ९५ टक्के विश्वासपातळीवर त्याज्य ठरतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पृथ्वीत इलेक्ट्रॉन आहेत, पॉझिट्रॉन नाहीत. म्हणून खडकातून जाताना न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो यांच्या रूपांतरात केवळ मार्गामुळेही भेद पडतो. परिसराचा परिणाम मूळ घटनेपासून वेगळा करण्याचा हाच प्रश्न रायगड किनाऱ्यावरील अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेपुढे होता. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ साली अलिबागला नेण्यात आले आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन जुनी व नवी मालिका जोडण्यात आली. शलाका पृथ्वीबाहेर नेता येत नाही. पण दोन ठिकाणच्या नोंदींची तुलना करता येते. अमेरिकेतील नोव्हा प्रयोगाचे अंतर ८१० किलोमीटर असून त्यात भूप्रभाव अधिक आहे. दोहोंचे एकत्रित विश्लेषण २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार न्यूट्रिनो-वस्तुमानांचा क्रम उलटा असेल तरच सममितिभंगाचा सबळ पुरावा मिळतो. आणि तो क्रम या नोंदींनी निश्चित होत नाही.

फर्मिलॅबच्या नव्या त्वरकाच्या उभारणीत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा सहभाग आहे. त्याच्या शलाकेवर आधारलेल्या ड्यून प्रयोगाचे अंतर सुमारे १३०० किलोमीटर आहे. शलाकेच्या तीव्रतेने सांख्यिकीय अनिश्चितता घटेल. वस्तुमानक्रमाचा निर्णय मात्र मुख्यतः या अंतराच्या बळावर होईल. त्यानंतरही विश्वातील द्रव्याधिक्याशी संबंध जोडण्यास अतिजड न्यूट्रिनोंचे गृहीत लागेल, आणि ते तपासणे या शलाकांच्या आवाक्यात नाही.