जबानीचा रकाना

बेळगावजवळच्या मच्छे येथील औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून घराकडे वळलेली तरुण मंडळी सकाळी खानापूर रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत उभी असतात, तेव्हा त्यांतील पुष्कळांच्या कानांत इअरफोन असतो आणि त्यातून हल्ली गाण्यांच्या बरोबरीने जुन्या खुनांच्या हकिकती वाहत असतात. आमच्या शेजारच्या एका मुलाने गेल्या पावसाळ्यात अशी एक हकिकत मला मोठ्या आग्रहाने ऐकवली. ती पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांच्या खुनाची होती. वीस मिनिटांच्या त्या कथनात आगगाडीची शिटी होती, आरोपी डॉक्टरच्या अंतःकरणातील विचारांचे सविस्तर वर्णन होते, आणि कोणते विष किती प्रमाणात घातले याचा छातीठोक निर्वाळाही होता. ज्या खटल्यात मृतदेहात विष सापडलेच नाही, आणि ते न सापडताही फाशीची शिक्षा कायम झाली म्हणून जो खटला कायद्याच्या अभ्यासकांत आजही चर्चिला जातो, त्याच्या कथनातून नेमकी तीच गोष्ट गळून पडलेली पाहून मला जी हळहळ वाटली, तीतून हा लेख उद्भवला आहे.

गुन्ह्याची हकिकत सांगणे ही एक कला आहे, आणि मराठी वृत्तपत्रांनी ती शंभर-सव्वाशे वर्षे मोठ्या निष्ठेने, कधी मोठ्या प्रमादांसह, जोपासली. जुन्या वृत्तपत्रांची बांधीव फाइल उघडावी, तर पानांच्या कडा बोटाखाली चुरतात, कसरीने पाडलेली छिद्रे एका पानातून दहा पानांपर्यंत आरपार गेलेली दिसतात, आणि धान्याचे भाव व नाटक मंडळीची जाहिरात यांच्या मधोमध बारीक टायपात खून, दरोडा, घरफोडी यांची वर्तमाने दाटीवाटीने बसलेली आढळतात. ही सामग्री मूलतः दोन प्रकारची असते. एका रकान्यात फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार यांच्या जबान्या, पंचनामा, मुद्देमालाची यादी आणि उलटतपासणी असते. दुसऱ्यात संपादकाचे स्फुट असते, ज्यात त्या गुन्ह्यावरून समाजाचे काय चालले आहे याविषयी निर्णय दिलेला असतो. माझे मत असे आहे की या कलेचे सारे वैभव पहिल्या रकान्यात साठलेले आहे आणि तिचे बहुतेक दोष दुसऱ्यात. आणि आजच्या कथनकारांनी दुर्दैवाने वारसा घेतला तो दुसऱ्याचा.

पहिल्या रकान्याचे सामर्थ्य काय, हे बडोद्याच्या प्रकरणात प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आले. १८७४च्या नोव्हेंबरात तेथील रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबताच्या पेल्यात सोमल व हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप उत्पन्न झाला आणि १८७५च्या आरंभी मल्हारराव गायकवाडांची चौकशी करण्यासाठी सर रिचर्ड कौच यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांचे कमिशन बसले, ज्यात शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन एतद्देशीय सभासद होते. एका संस्थानाधिपतीची चौकशी चालली असताना वृत्तपत्रांतून देशभर जे वाचले गेले, ते मात्र नोकरमाणसांचे बोलणे होते: रेसिडेन्सीतली आया, रावजी हवालदार, नरसू जमादार. हा नरसू तपास चालू असताना रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत पडला होता. ज्यांची नावे एरवी कोणत्याही बखरीत आली नसती, अशा माणसांनी कोण कोणत्या दाराने आत गेले आणि पुडी कोठे ठेवली हे सांगितले, बॅलंटाइन या विलायती बॅरिस्टराने त्यांना पेचात धरले, आणि वाचकाला प्रत्येक उत्तर स्वतः तोलून पाहता आले. कमिशनात तीन विरुद्ध तीन असा मतभेद झाला, आणि अखेर सरकारने विषप्रयोगावर बोट न ठेवता गैरकारभाराच्या सबबीवर महाराजांना पदच्युत केले. दोषी कोण, याचा उलगडा न होताच ही हकिकत संपते. तरी ती अपुरी वाटत नाही, कारण तिच्यातील माणसे पूर्ण आहेत.

याच प्रकरणात तपासाला असलेले मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांचे नाव आमच्या भागाला त्यापूर्वीच परिचित झालेले होते. १८५८च्या मे महिन्यात नरगुंदचे बाबासाहेब भावे यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन यांस सुरेबान येथे ठार केल्यावर ज्यांनी तोरगलच्या रानात बाबासाहेबांस पकडले ते हेच सूटर. आणि १२ जून रोजी बेळगावात बाबासाहेबांस फाशी देण्यात आली. गुन्हा घडल्यापासून फाशीपर्यंत अवघे चौदा दिवस गेले. या चौदा दिवसांची दिनचर्या लिहिणारे मराठी वर्तमानपत्र तेव्हा बेळगावात नव्हते; ‘बेळगाव समाचार’ निघाला तो १८६३ साली.

दुसऱ्या रकान्याचे, म्हणजे संपादकीय निर्णयाचे, दोष सांगताना सर्वांत आधी सुरतेच्या विजयालक्ष्मीचे नाव घ्यावे लागते. ही तरुण ब्राह्मण विधवा भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ साली सेशन कोर्टापुढे उभी राहिली. तिला फाशीची शिक्षा झाली, वरिष्ठ न्यायालयात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे तीही कमी करण्यात आली. ‘पुणे वैभव’ पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या दुर्वर्तनावर जे कोरडे ओढले, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. मराठीतील हे तेजस्वी पुस्तक एका गुन्ह्याच्या वृत्तावरील टीकेवर टीका म्हणून जन्मास आले, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासात नोंदलेली आहे. पण गुन्हेवृत्ताच्या कलेचा विचार करताना तिच्याकडे कोणी वळत नाही. वास्तविक ताराबाईंनी जे केले तेच या कलेच्या चोखंदळ वाचकाचे खरे काम आहे. पिंजऱ्यात एकटी स्त्री उभी असताना तिच्याबरोबरचा पुरुष कोठे आहे, असा प्रश्न त्यांनी बातमीला विचारला. जो जबानीस आलाच नाही, त्याची अनुपस्थिती त्यांनी वाचली.

अफवेच्या बाबतीतही वृत्तपत्रांचा तोल अनेकदा ढळला. १८७९च्या मे महिन्यात पुण्याचा बुधवार वाडा जळाला तेव्हा वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस होते. साहजिकच संशय त्यांच्या बाजूस वळला, अँग्लो-इंडियन पत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणवर्गावर आग पाखडली, आणि त्याच संशयाच्या वातावरणात न्यायमूर्ती रानडे यांची धुळ्यास बदली झाली. तपासाअंती निघाले ते असे की, सरकारी बुक डेपोतील एका नोकराने आपली अफरातफर झाकण्यासाठी आग लावली होती. राजद्रोहाचा जो वणवा वाटला होता, तो हिशेबाच्या वहीतून निघाला.

पण माझ्या मनात सर्वांत अधिक रेंगाळते ते कोल्हापूरचे प्रकरण. निपाणीच्या बाजारातून कोल्हापूरच्या वार्ता आमच्याकडे सहज येत असत, आणि चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होत असल्याची कुजबुज सीमेच्या या बाजूलाही असणार. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर हेत्वारोप करणारी जी पत्रे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी खरी मानून प्रसिद्धीस आणली, ती न्यायालयात बनावट ठरली. टिळक व आगरकर यांस जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची कैद झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. कागदाची पारख न करता त्यावर विश्वास टाकला, हा त्यांचा दोष निर्विवाद होय. तथापि दीड वर्ष उलटण्यापूर्वी, १८८३च्या डिसेंबरात, तेच महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले, ही गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे निवाडा तितका सोपा राहत नाही. पुरावा खोटा होता. पण ज्या व्यथेसाठी तो पुढे केला गेला ती व्यथा खोटी होती काय? या प्रश्नाशी थांबणारे लेखन मला मराठीत फार थोडे आढळले.

विसाव्या शतकात अच्युतराव कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने बातमीला चटकदार बोली दिली आणि गुन्हेवृत्ताचा वेष पालटला. १९२५च्या जानेवारीत मलबार हिलवर बावला यांचा खून झाला, मुमताज बेगम जखमी झाली, आणि प्रकरणाचे धागे इंदूरच्या दरबारापर्यंत जाऊन तुकोजीराव होळकरांस पुढील वर्षी गादी सोडावी लागली. तेव्हा या नव्या शैलीला हवे ते सर्व एकाच घटनेत मिळाले. त्या काळापासून मथळे मोठे होत गेले आणि जबान्या आखूड.

असे असूनही या कलेने आपला सर्वोच्च बिंदू त्यानंतरच, डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्या खटल्यात, गाठला असे मी मानतो. लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेहाने पीडित, सधन विधवा. लागू हे त्यांच्याच घरात राहणारे, त्यांना औषधोपचार करणारे, विश्वासातले डॉक्टर. १२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री दोघे पुण्याहून पॅसेंजर गाडीने मुंबईस निघाले. पहाटे पाचच्या सुमारास गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्यांची नोंद लक्ष्मीबाई कर्वे या नावाने झाली नाही, तर माहेरच्या नावाच्या वळणाने ‘इंदुमती’ अशी झाली. सकाळी साडेअकराला त्या वारल्या. देह बेवारस राहिला, वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला, गळ्यावरील एक खूण संशयास्पद वाटल्यावरून शवविच्छेदन झाले, आणि विषाचा मागमूस लागला नाही. इकडे पुण्यात आप्तांस बाईंच्या सहीची पत्रे येऊ लागली: आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी विवाह करून जयपूरकडे राठोडी येथे सुखात आहोत, काळजी नसावी. पत्रे येत होती आणि बाईंची मालमत्ता एकेका कागदावरून हलत होती.

या खटल्याच्या वृत्तान्तात राक्षसाचे वर्णन नाही. वेळा आहेत, पावत्या आहेत, दाखल करून घेणाऱ्या तरुण डॉक्टरची साक्ष आहे, टपालाच्या मुद्रा आहेत. त्या घरात वावरणाऱ्या शेजाऱ्यांनी बाई शेवटच्या कधी दिसल्या आणि दाराला कुलूप कधी पाहिले, एवढेच सांगितले. वाचक रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून ही एकेक कडी हातात घेई, आणि साखळी पुरी झाली की नाही हे त्याचे त्यालाच ठरवावे लागे. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा कायम केली. पण त्या पीठातील एका न्यायमूर्तींस विषप्रयोग सिद्ध झाल्याचे पटले नाही आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. तो मतभेद आणि ते न सापडलेले विष हे या कथेचे प्राण आहेत. आमच्या शेजाऱ्याच्या कानात जी हकिकत शिरली, तिने हे दोन्ही काढून टाकून त्या जागी एक बाटली ठेवली.

पुढचा इतिहास अलीकडचा आहे. मानवतच्या हत्या आणि पुण्याचे जोशी-अभ्यंकर प्रकरण यांनी सत्तरीच्या दशकात घरोघर भय उत्पन्न केले. दुसऱ्यातील चौघे आरोपी २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी गेले, आणि माफीच्या साक्षीदाराची जबानी अनेक वर्षे लोकांच्या तोंडी राहिली. आज निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत, दिवाळी अंकांतील दीर्घ लेख आहेत, आणि ध्वनिमुद्रित कथांचा तर पूर लोटला आहे. अधिकाऱ्यांच्या आठवणींत तपासाची बारकाई असते, तिचा मी ऋणी आहे; परंतु त्यांत पोलीस चुकलेला क्वचित दिसतो. ध्वनिकथांत आवाज उत्तम असतात, उच्चार स्वच्छ असतात, श्रोत्याला खिळवून ठेवण्याचे कसब निःसंशय असते. मात्र मृत व्यक्ती तेथे केवळ मरण्यापुरती येते. लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलांसाठी काय योजिले होते, त्यांचा एक मुलगा आधीच कसा गेला होता, हे कोणी सांगत नाही. शिवाय कोणत्या वृत्तपत्रातून काय घेतले, ते पत्र कोणाच्या बाजूचे होते, याचा उल्लेखही नसतो.

आमच्या सीमाभागापुरती आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे अद्याप कोणी लक्ष दिलेले माझ्या पाहण्यात नाही. येथे साक्षीदार कानडीत बोले, न्यायाधीश इंग्रजीत टिपून घेई, आणि बातमीदार ते मराठीत छापी. मराठी वाचकाच्या हाती येणारी जबानी अशा रीतीने दोन उंबरठे ओलांडून आलेली असे. वाटेत तिचा संकोच, तिची शिवी, नात्याचा नेमका शब्द कोठे पडला हे शोधायचे तर दोन्ही भाषांच्या फायली शेजारी मांडून वाचणारा माणूस पाहिजे. असा वाचक तयार करण्याची सोय आमच्याच गावांतून आहे, कारण येथले मूल शाळेत जाण्यापूर्वीच दोन भाषांत भांडायला शिकते. त्या रात्रपाळीच्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याने विचारले की, मग संगोळ्ळी रायण्णाच्या खटल्याचे काय छापून आले होते? त्याचे आजोळ नंदगडचे.

रायण्णाला नंदगडला फाशी झाली ती २६ जानेवारी १८३१ रोजी. बाळशास्त्र्यांचे ‘दर्पण’ निघाले ६ जानेवारी १८३२ रोजी. त्यामुळे रायण्णाची जबानी कोणत्याही मराठी रकान्यात आली नाही. कंपनी सरकारच्या इंग्रजी दप्तरात तो बंडखोर म्हणून राहिला, आणि कानडी गाण्यांत वीर म्हणून. पुढच्या रविवारी आम्ही दोघे खानापूरमार्गे नंदगडला गेलो. त्याच्या समाधीवर वडाचे झाड आहे, आणि मूल व्हावे म्हणून बायका त्याच्या फांद्यांना लहान लहान पाळणे बांधतात. झाडाखाली बसलेल्या एका म्हातारीला मुलाने रायण्णाविषयी विचारले आणि ती कानडीत सांगू लागली. मुलगा ते मराठीत मला सांगू लागला, मधेच थांबून म्हणाला, “काका, हा शब्द मराठीत बसत नाही,” आणि मी तो तसाच वहीत उतरून घेतला.