निवळी एका धड्यात, गंज दुसऱ्या

सांगोला तालुक्यातल्या एका शाळेत वर्गाच्या छताचा मोठा टवका पडलेला पाहिला. आतल्या सळया तांबूस, फुगलेल्या. विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, "जुनं झालं. सिमेंटचा दम गेला." खरे उत्तर त्यांच्याच पाठ्यपुस्तकात होते, पण दोन तुकड्यांत.

आपली पुस्तके चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करून दाखवतात. वेगळ्या धड्यात लोखंडाला गंज चढतो. या दोन धड्यांची गाठ पुस्तक घालून देत नाही, ही माझी तक्रार आहे. छतात ती गाठ पडलेली असते.

सिमेंटची पाण्याशी क्रिया होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. निवळीत असतो तोच हा चुना. त्यामुळे नव्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो आणि सळईवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून शिरून चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट करतो. निवळीचाच प्रयोग, फक्त काही दशके चालणारा! सामू ९ च्या खाली उतरतो. गंमत अशी, की साध्या सिमेंटचे काँक्रीट याने कमकुवत होत नाही, थोडे कठीणच होते. जातो तो सळईचा पहारा. मग ओल झिरपली की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटते.

सांगोल्यासारख्या कोरड्या भागात गंज कसला, असे वाटेल. पण भिजून चिंब काँक्रीटमध्ये वायूला वाट नसते. मध्यम कोरड्या हवेत ही क्रिया उलट वेगाने चालते, आणि गळक्या गच्चीला चार दिवसांचा पाऊसही पुरतो. काँक्रीट बोअरच्या मचूळ पाण्याने कालवले असेल, तर सामू न उतरताही क्लोराइड तो थर फोडते. पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या.

गणिताच्या शिक्षकांसाठीही यात काही आहे. कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. २० मिलिमीटर कव्हर ओलांडायला ४० वर्षे लागत असतील, तर १० मिलिमीटरला १० च. सळईखाली कव्हर ब्लॉक न ठेवणारा गवंडी अर्धे नव्हे, तीन-चतुर्थांश आयुष्य कापतो.

आम्ही तो टवका फोडला आणि ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले. सळईच्या खाचेपर्यंत कुठेही गुलाबी रंग आला नाही. वर्ग त्याच दुपारी व्हरांड्यात हलवला.