कानांनी वाचावयाची पुस्तके

बालवाङ्मयाची आपल्याकडे जी थोडीबहुत समीक्षा होते, ती बहुधा डोळ्यांनी वाचलेल्या पुस्तकांची असते. आशय संस्कारक्षम आहे काय, चित्रे रंगीत आहेत काय, छपाई ठसठशीत आहे काय, एवढी चौकशी करून परीक्षक मोकळा होतो. परंतु ज्या वाचकाला अद्याप अक्षरओळखच नाही, त्याच्यासाठी काढलेले पुस्तक दुसऱ्या कोणी तरी मोठ्याने वाचावयाचे असते. त्याची परीक्षा वाचणाऱ्याच्या जिभेवर आणि ऐकणाऱ्याच्या कानात व्हावयाची, ही साधी गोष्ट आमच्या परीक्षणांतून क्वचितच डोकावते. आम्हांस तिची आठवण झाली ती साहित्यशास्त्राच्या एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, तर बालरोगतज्ज्ञांनी चालविलेल्या एका उपक्रमाची हकीकत वाचून.

ही हकीकत अमेरिकेतील बॉस्टन शहराची आहे. बॉस्टन सिटी हॉस्पिटल हे त्या वेळी तेथील नगरपालिकेचे रुग्णालय होते, आणि तेथे येणारी मुले बव्हंशी गरीब घरांतील असत. १९८९ साली डॉ. बॅरी झुकरमन व डॉ. रॉबर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञांनी काही बालशिक्षकांच्या साहाय्याने तेथे 'रीच आउट अँड रीड' या नावाचा उपक्रम सुरू केला. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचे मूल नियमित तपासणीसाठी आले की डॉक्टरांनी त्याच्या वयाला साजेल असे एक नवे पुस्तक त्याला द्यावे, ते घरी न्यावयास सांगावे, आणि ते कसे वाचून दाखवावे याविषयी आईबापांशी चार वाक्ये बोलावीत. बाहेर ताटकळत बसलेल्या मुलांना स्वयंसेवकांनी गोष्टी वाचून दाखवाव्यात, अशी ही योजना. वजन, उंची, लस आणि पुस्तक!

यातील आम्हांस विशेष वाटलेला भाग असा की, मूल रडले नाही म्हणून शेवटी द्यावयाची खाऊची पुडी, असे त्या पुस्तकाचे स्वरूप नाही. तपासणीच्या आरंभीच ते मुलाच्या हाती जाते आणि डॉक्टर पाहत राहतात. सहा महिन्यांचे मूल ते तोंडात घालते. वर्षाचे मूल चित्रावर बोट ठेवते आणि आईच्या तोंडाकडे पाहते. दीड वर्षाचे मूल जाड पुठ्ठ्याची पाने स्वतः उलटते. दोन-अडीच वर्षांचे मूल, आई वाक्यात मुद्दाम अडखळली तर, राहिलेला शब्द पुरविते. हाताची पकड, नजर, कान, भाषेची समज आणि आईमुलाचा परस्परांशी असलेला लळा, एवढ्या गोष्टी डॉक्टरांना त्या दोन मिनिटांत दिसून येतात. मुलाला अक्षरे शिकवा असे मात्र पालकांना सांगितले जात नाही. मांडीवर घ्या, वाचा, मूल कंटाळले तर मिटून ठेवा, एवढेच. चौथ्या वर्षी पाटी आणि पाचव्या वर्षी शिकवणी लावणाऱ्या आमच्या मध्यमवर्गाने हा भाग दोनदा वाचावा.

उपक्रमाचे फळ काय? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पाहणीत पुस्तके मिळालेल्या घरांतून वाचून दाखविण्याचे प्रमाण अधिक आढळले. ती पाहणी पालकांच्या सांगण्यावर आधारलेली होती, हे लक्षात ठेविले पाहिजे. डॉक्टरांसमोर कोण नाही म्हणेल? परंतु पुढील अभ्यासांतून मुलांच्या शब्दसंग्रहातही फरक दिसून आला. २०१४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने वाचून दाखविण्याचा सल्ला हा बालकाच्या नियमित वैद्यकीय सेवेचाच आवश्यक भाग होय असे धोरण जाहीर केले, आणि २०२४ मध्ये ते सुधारून हा सल्ला जन्मापासूनच द्यावा असे म्हटले. इंग्लंडमध्येही १९९२ साली बर्मिंगहॅम येथे तीनशे तान्ह्या मुलांपासून 'बुकस्टार्ट' ही याच जातीची योजना सुरू झाली होती.

या चळवळीच्या भोवती काही अतिशयोक्तीही जमली आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करणे समीक्षकाला शोभणार नाही. हार्ट व रिस्ली या संशोधकांनी १९९५ साली कॅन्सस येथील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून असे अनुमान काढले की, चार वर्षांचे होईपर्यंत गरीब घरातील मुलाच्या कानांवर सुस्थित घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा व्याख्यानांतून फार फिरला. २०१९ साली स्पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला आणि मुलाच्या आसपास जे जे कोणी बोलतात त्या सर्वांचे बोलणे धरले तर हे अंतर तसे राहत नाही, असे दाखविले. आम्हांस यात नवल वाटत नाही. ज्या घरात आजी, काकू, आत्या, शेजारीण आणि दारावरची भाजीवाली दिवसभर बोलत असतात, तेथे एकट्या आईचे शब्द मोजून काय हाती लागणार?

परंतु आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे घर असे राहिलेले नाही, आणि म्हणूनच हा विषय आम्हांस दूरचा वाटत नाही. दिल्ली, कलकत्ता, शिलाँग किंवा चेन्नई येथील सरकारी निवासस्थानात दोन मोठी माणसे आणि एक मूल. आजी आली तर वर्षातून महिना-दीड महिना. शाळा इंग्रजीत, मैदान हिंदीत किंवा बंगालीत. तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि मैदानाची भाषाही बदलते. अशा घरात मराठी उरते ती प्रामुख्याने आज्ञार्थात. ऊठ, दात घास, दूध पी, बूट घाल, दिवा मालव. या वाक्यांना उत्तर लागत नाही, आणि दिले तरी ते हिंदीत चालते. मुलाला मराठी 'सगळे समजते' असे आईबाप पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. समजते हे खरे. पण जे समजते ते फार थोडे असते, हे सांगावयाचे राहून जाते.

मराठीचे एक क्रियापदाचे रूप घ्या. 'राजा रोज पहाटे उठे, नदीवर जाई, येणाऱ्याजाणाऱ्याला दान देई.' व्याकरणकार याला रीतिभूतकाळ म्हणतात. हे रूप आज कोणीही मराठी माणूस बोलताना सहसा वापरीत नाही. आपण 'उठायचा, जायचा, द्यायचा' म्हणतो. ते जिवंत आहे ते गोष्टीत. पुण्यातल्या मुलाला ते पाठ्यपुस्तकातून पुढे केव्हा तरी भेटेल. शिलाँगच्या मुलाला ते कोणी वाचून दाखविले नाही तर आयुष्यात भेटणार नाही, आणि वीस वर्षांनी एखादी जुनी मराठी कादंबरी उघडली तर पहिल्याच पानावर ते अडेल. 'पाऊस पडला असता तर' हा संकेतार्थ, ऐकीव गोष्टीला जोडलेले 'म्हणे', 'बसल्या बसल्या' आणि 'चालता चालता' यांसारखी जोडरूपे, यांचीही गत तीच. जेवणाच्या टेबलावरचे मराठी ही रूपे पुरवू शकत नाही.

याच दृष्टीने बॉस्टनच्या चळवळीतील एक धागा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ऱ्होड आयलंड राज्यातील स्पॅनिशभाषक कुटुंबांचा आहे. तेथे डॉक्टरांनी त्यांना द्विभाषिक पुस्तके दिली, आणि ज्यांना ती मिळाली त्या घरांतून वाचून दाखविण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. घरची भाषा सोडा आणि शाळेची धरा असे त्या डॉक्टरांनी सांगितले नाही. आमच्याकडे मात्र असा सल्ला देणारे हितचिंतक मुबलक आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. डॉक्टरांनी उद्या चिठ्ठीवर 'एक मराठी पुस्तक, रोज रात्री झोपण्यापूर्वी' असे लिहून दिले, तर कोणते आणावे?

छापील मराठी बालवाङ्मयाचा आरंभच भाषांतराने झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' हे बर्किन या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारावरून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ते मोठेच काम होय. पण उपदेशाची आणि परक्या वाक्यरचनेची सवय आमच्या बालवाङ्मयाला तेव्हापासून लागली ती पुरती सुटलेली नाही. आज अनेक पुस्तके एकाच चित्रसंचावर दहा भाषांतून निघतात. चित्रे सुरेख असतात. खालचे मराठी मात्र असे: 'मनीने उडी मारली आणि ती खाली आली आणि ती हसली आणि ती तिच्या आईकडे गेली.' मराठीत कर्ता एकदा सांगितला की क्रियापद त्याला आपल्या पोटात घेते. 'मनीनं उडी मारली, खाली आली, हसली आणि थेट आईकडे पळाली' असे म्हटले की जीभ मोकळी होते. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे 'ती ती' टोचत नाही; मोठ्याने वाचणारा दुसऱ्या ओळीवर कंटाळतो आणि मूल त्याच्या आधी.

दुसरी अडचण 'होते' आणि 'होतं' यांची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी बोलीतील अनुस्वारान्त रूपे संभाषणापुरती चालवून घेतली आणि निवेदनात एकारान्त रूपे राखली. प्रौढ गद्याला हे ठीक आहे. आम्हीही येथे तेच पाळीत आहोत. पण तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन 'एक छोटेसे घर होते, ते पिवळे होते' असे वाचणारा बाप कार्यालयातील टिपणी वाचून दाखविल्यासारखा वाटतो. बहुतेक बाप वाचता वाचता मनातल्या मनात 'छोटंसं, होतं, पिवळं' असा पालट करतात, आणि त्या खटाटोपात गोष्टीचा ताल सुटतो. लहानांसाठी लिहिणाऱ्याने निवेदनही बोलीतच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तके या कसोटीला उतरतात, त्याचे कारण केवळ त्यांची चित्रे हे नाही. 'राधाचं घर' या संचाचे नावच बोलीत आहे, आणि आतले मराठी एखादी मावशी समोर बसून सांगत असल्यासारखे आहे. घरातली माणसे, त्यांच्या सवयी, त्यांचे रुसवेफुगवे, एवढाच त्यांचा विषय. पण आजी-आजोबा केवळ दूरध्वनीवर भेटणाऱ्या मुलाला हे नात्यांचे शब्द माणसांसकट मिळतात, हा लाभ लहान नाही. विंदा करंदीकरांनी १९६१ च्या 'राणीची बाग' पासून जी बालकविता लिहिली, ती अर्थापेक्षाही आवाजाच्या गमतीवर उभी आहे, म्हणून वयाने फार लहान मुलांनाही ती चालते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' मधील प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे हे पुष्कळांच्या लक्षात असेल. ते पुस्तक सांगण्याच्या रूपातच रचलेले आहे आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाचून दाखविण्यास उत्तम. तीन वर्षांच्या मुलाला ते देण्याचा उत्साह मात्र आवरावा.

आणि या सर्वांच्या आधी काऊचिऊ आणि म्हातारीचा भोपळा आहेतच. त्यांची बांधणी पाहावी. प्रसंग तोच, शब्द तेच, प्रत्येक फेरीला बदलते ते एकच काही तरी; म्हणून मूल पुढच्या फेरीची वाट पाहते आणि तिसऱ्या वेळी स्वतःच बोलून टाकते. बॉस्टनचे डॉक्टर पालकांना जे सांगतात, की थांबा आणि मुलाला शब्द पुरवू द्या, ते या गोष्टींत आयतेच बसविलेले आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर हीच गोष्ट लावून दिली तर ती कोणासाठी थांबत नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही सांगणे आहे.

लहानग्यांच्या पुस्तकांची समीक्षा कशी व्हावी याचे नमुने आम्हांस न्यूझीलंडमध्ये सापडतात. डोरोथी व्हाइट या ग्रंथपाल बाईंनी आपल्या मुलीला दुसऱ्या वर्षापासून पाचव्यापर्यंत काय वाचून दाखविले आणि तिने त्यावर काय म्हटले याची रोजनिशी ठेवली; ती १९५४ साली 'बुक्स बिफोर फाइव्ह' या नावाने ग्रंथरूपाने निघाली. डोरोथी बटलर यांचे १९७९ चे 'कुशला अँड हर बुक्स' तर वैद्यक आणि वाङ्मय यांच्या सीमेवरचे पुस्तक आहे. कुशला ही त्यांची नात जन्मतः अनेक व्याधींनी ग्रासलेली. नीट पाहता येत नाही, हात वापरता येत नाहीत, रात्र रात्र झोप नाही. ती चार महिन्यांची असल्यापासून आईबाप तिला वाचून दाखवू लागले, कारण त्या लांबलचक रात्री दुसरे काय करावे हे त्यांना सुचेना. तिची बुद्धी मंद असावी अशी शंका होती. चौथे वर्ष पुरे होण्यापूर्वीच ती सामान्याहून वरच्या पातळीची ठरली. हे केवळ पुस्तकांनी झाले असे बटलरबाई म्हणत असत्या तर आम्ही विश्वास ठेविला नसता. त्या कोणते पुस्तक कितव्या महिन्यात तिला धरून ठेवू शकले आणि कोणते नाही, हे पानापानांनी नोंदवितात. मराठी पुस्तकांविषयी असे एखादे टिपण कोणी आईबापांनी लिहिले, तर ते छापण्यास मासिकांनी कविता मागे ठेवून जागा द्यावी.

राहिला पुस्तके मिळण्याचा प्रश्न. बृहन्महाराष्ट्रातील मंडळांच्या ग्रंथालयांत कादंबऱ्या आणि दिवाळी अंक भरपूर. बालविभाग असला तर तो दहा वर्षांपुढील मुलांचा. त्याखालच्या मुलांची पुस्तके फाटतात, चावली जातात, त्यांवर दूध सांडते, म्हणून कार्यवाह ती घेत नाहीत, आणि घेतली तर कुलपात ठेवतात. लस टोचण्यासाठी मूल दवाखान्यात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना येते, पुन्हा नवव्या महिन्यात येते, पुढे दीड-दोन वर्षांचे असताना येते. मंडळांनी आपल्या सभासदांच्या घरी त्याच सुमारास एकेक जाड पुठ्ठ्याचे मराठी पुस्तक पोचते करावे, आणि वर्षाच्या हिशेबात त्यांतील चावलेल्या प्रती 'गहाळ' या सदरात न घालता 'वापरल्या' या सदरात घालाव्यात.